बंद घराची झाडलोट

सर, काल दुपारी तुमच्या लुसीबाई आमच्या फ्लॅटवर आल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून दीड महिन्यात पहिल्यांदाच त्या आळीबाहेर पडल्या. दाराशी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, थोरल्याचं घर भाड्यानं देऊ का नको? एक नर्सबाई मागतेय. नवरा-बायको दोघंच हायेत. तुमी सांगाल तसं करते."

आता हा प्रश्न खरं तर तुम्हाला विचारायचा. तुमच्या भावाचं घर, तुमच्या भिंतीला लागून असलेलं, इतकी वर्षं तुम्ही राखलेलं. पण उत्तर द्यायची वेळ आली की वर्गाबाहेर निघून जायची तुमची सवय जुनी आहे, आणि यावेळी तर तुम्ही थेट चर्चमागच्या दफनभूमीत जाऊन झोपलात. म्हणून हे लिहितेय. एकोणीस वर्षं स्टाफरूममध्ये समोरासमोर बसलेल्या माणसाला न विचारता त्याच्या घराचं काही ठरवावं, एवढी मी उद्धट नाही. थोडी आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

शाळेत तुमची शोकसभा झाली. हेडसरांनी जन्म, शिक्षण, नोकरी सगळं ओळीनं वाचून दाखवलं. ऐकताना मला वाटलं, हा कोण गृहस्थ? मला माहीत असलेले इनास सर खडूचे हात शर्टाला पुसायचे, तासाला पाच मिनिटं उशिरा जायचे आणि दहा मिनिटं उशिरा सुटायचे. माझ्या डब्यातली आंबोळी उचलायचे आणि स्वतःच्या डब्यातले दोन फुगे, ते मैद्याचे तळलेले गोल, न बोलता माझ्यापुढे सरकवायचे. यातलं हेडसरांनी काहीच सांगितलं नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, "सर फार चांगले होते" म्हटलं आणि खाली बसले. गणिताच्या बाईंकडून यापेक्षा जास्त अपेक्षाही कोणी केली नसावी.

मी या शाळेत आले तेव्हा वसई मला अजिबात आवडली नव्हती. माहेर देवगड, सासर परळ, आणि फ्लॅट कुठं तर नालासोपाऱ्यात, जिथं रस्ता संपतो तिथून आणखी पुढे. पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, "परबबाई, सातवीची सहल आहे, चला." मी हौसेनं नवी साडी नेसून आले, तर सहल निघाली किल्ल्यात. पोरांच्या शेळ्या जिथं चरायच्या, तिथं त्याच पोरांना सहलीला नेणारा शिक्षक मी पहिल्यांदाच पाहत होते. लढाई कुठं झाली, बुरूज कुठला पडला, मराठे कुठून शिरले, यातलं तुम्ही काही सांगितलं नाही. आत एक अख्खं शहर होतं एवढंच म्हणालात आणि छप्पर नसलेल्या घरांच्या रांगेत प्रत्येक मुलाला एकेक घर वाटून दिलंत. "हे तुझं घर. या घरातला शेवटचा माणूस तू आहेस. आज तू जाणार. का जाणार ते वहीत लिही. पाऊण तास."

मला वाटलं, माणूस वेडा आहे. मग उत्तरं वाचली. दोघांनी सोडून कोणीच लढाई लिहिली नव्हती. "बाबांची बदली झाली." "आईचं शेजारणीशी पटत नव्हतं." "वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं." नालासोपाऱ्याच्या एका मुलानं लिहिलं होतं, "बिल्डर पळून गेला." तुम्ही हसून हसून एका पडक्या ओट्यावर बसलात. आणि एका मुलीनं लिहिलं होतं की आजी यायला तयार नव्हती, म्हणून आम्ही तिला इथंच ठेवलं आणि दर रविवारी भेटायला येतो. ते पान तुम्ही तीनदा वाचलंत. मी मोजलं होतं.

परतताना आपला पहिला वाद झाला. तुम्ही म्हणालात, "बाई, शहर लढाईनं ओस पडत नाही. लढाईनं मालक बदलतो. शहर ओस पडतं एकेका घरानं. पहिलं घर बंद होतं तेव्हा सगळे निरोप द्यायला जातात. दहावं बंद होतं तेव्हा कोणाला कळतही नाही."

मी म्हटलं, "हे अर्धंच गणित झालं. हौदाला दोन नळ असतात. एकातून पाणी जातं, दुसऱ्यातून येतं. जाणारी माणसं सगळीकडेच जातात. आमच्या परळच्या चाळीतूनही निम्मी गेली. पण त्यांच्या जागी दुसरी आली, म्हणून चाळ भरलेली. तुमचं शहर माणसं गेली म्हणून ओस नाही पडलं सर, नवीन आली नाहीत म्हणून पडलं."

"इतिहास हौदाच्या गणितावर चालत नाही," तुम्ही म्हणालात.

"मग पायऱ्या दाखवा," मी म्हटलं. हा वाद आपण एकोणीस वर्षं घातला. डब्याच्या सुट्टीत, पेपर तपासताना, निवडणुकीच्या ड्युटीवर. तुम्ही कुठल्या तरी जुन्या कागदाचा दाखला आणायचात आणि मी म्हणायची, दुसऱ्या नळाचं काय? कधी कधी तुम्ही चिडून हजेरीपट उचलून निघून जायचात, तास नसला तरी.

मग तो उन्हाळा आला. आमच्या बिल्डिंगला चार-चार दिवस पाणी नसायचं. टँकर आला की अख्खी बिल्डिंग हंडे घेऊन खाली धावायची, मीही. तो टँकर तुमच्याच बाजूच्या वाड्यांमधल्या विहिरींवर भरायचा. तुमच्या आळीतल्या विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या, केळीची पानं कडेनं जळत होती, आणि तुमच्याकडची माणसं टँकर अडवून धरत होती. म्हणजे तुम्ही अडवायचात तो टँकर आणि मी ज्याची वाट बघायची तो टँकर एकच. स्टाफरूममध्ये आपण दोघंही याविषयी अगदी जपून बोलायचो.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. एके दिवशी धीर करून मी तुम्हाला विचारलं. तुमच्या शेजारचं घर बंद असतं. थोरले बंधू परदेशात. दोन खोल्या द्या, दोन वर्षांपुरत्या. घर नीट ठेवीन, शाळाही चालत जायच्या अंतरावर येईल. मला खात्री होती तुम्ही हो म्हणाल. मी मनातल्या मनात पडद्याचं कापडसुद्धा ठरवलं होतं.

तुम्ही पेन बंद केलंत आणि म्हणालात, "नाही बाई. ते जमणार नाही. बाहेरच्याला घर द्यायचं नाही असा आळीचा नेम आहे."

बाहेरच्याला. मी वह्या उचलून वर्गावर गेले. पण सर, तो शब्द मला फार लागला, आज सांगते. ज्या माणसाच्या डब्यातले फुगे मी रोज खाते त्याच्या लेखी मी बाहेरची आहे, हे मला नवीन होतं. पुढचे चार-पाच महिने मी तुमच्याशी वेळापत्रकापुरतं बोलले. तुम्ही फुगे सरकवायचात आणि मी ते डबा न हलवता शेजारच्या चित्रकलेच्या सरांकडे सरकवायची. त्यांचं वजन वाढलं तेवढंच.

दिवाळीनंतर मुलाला कावीळ झाली. तीन आठवडे मी घरी. परत आले तर कळलं, माझे सगळे तास तुम्ही घेतलेत. कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हीच गेलात वर्गावर. तुम्ही माझ्या सातवीला त्रैराशिक शिकवलंत, आणि सर, चुकीचं शिकवलंत. सगळा वर्ग व्यस्त प्रमाण सम समजून सोडवत होता. ते निस्तरायला मला पंधरा दिवस लागले. माझ्या खणात केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली, उन्हात वाळवलेली तुमच्याकडची सुकेळी ठेवलेली होती, आणि वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी होती: "पोराला पचायला हलकी." कावीळ झालेल्या पोराला सुकेळी हलकी, हेही चुकीचंच. मी ती स्टाफरूममध्ये बसून एकटीनं खाल्ली आणि त्या दिवसापासून आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं. घराचा विषय मात्र मी काढला नाही, आणि तुम्हीही नाही.

त्यानंतरच्या नाताळात तुम्ही आम्हाला तिघांना जेवायला बोलावलंत. संध्याकाळी आळीत शिरलो तर प्रत्येक घरावर चांदणी टांगलेली, आत दिवा. मी म्हटलं, "सर, तुमची आळी कशी भरलेली दिसते." तुम्ही नुसतं हसलात. मग माझा मुलगाच एका दारापाशी जाऊन म्हणाला, "आई, इथं तर कुलूप आहे." पुढच्या दारालाही होतं. अकरा घरांपैकी पाच बंद होती, आणि शेजाऱ्यांनी आपापल्या घरावर एक टांगताना त्या बंद घरांवरही एकेक टांगली होती. वायर ज्याच्या त्याच्या खिडकीतून ओढलेली. तुमच्या घरातली वायर थोरल्यांच्या घरावर गेलेली. "काळोखं घर बरं दिसत नाही," एवढंच म्हणालात.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तुम्ही घाईघाईनं कुठं जाता हेही मला तेव्हाच लुसीबाईंकडून कळलं. थोरल्यांचं घर उघडायचं, केर काढायचा, खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. स्वतःच्या घरात कधी झाडू हातात धरला नाही म्हणून लुसीबाई तुमची थट्टा करत होत्या आणि तुम्ही ताटात बघून जेवत होता. मला तेव्हा थोडा रागच आला. म्हटलं, बघा, हा माणूस रिकाम्या घराची फरशी पुसेल, पण त्यात कोणाला राहू देणार नाही. वर पोरांना किल्ल्यात नेऊन विचारणार, शहर का ओस पडलं.

एकदा तर एका मुलीनं तुम्हाला पकडलंच. जूचंद्रची होती, सातवी ब. घर वाटून झाल्यावर तिनं हात वर केला. "सर, हे लोक गेले ते कळलं. पन मग दुसरे कोनी रावायला का नाय आले? घरं तर चांगली होती." मी तुमच्याकडे बघितलं. माझाच प्रश्न होता, आणि मी तो तिला शिकवलेला नव्हता, देवाशपथ. तुम्ही म्हणालात, "चला, डबे काढा." तेव्हा साडेदहाच वाजले होते.

मी तो प्रसंग पुढे कितीदा तरी तुम्हाला ऐकवला. अगदी शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा. तुम्ही बोलताना दमत होता, म्हणून मीच बडबडत होते. म्हटलं, "सर, साडेदहाला डबे काढणारे तुम्ही. त्या मुलीला अजून उत्तर द्यायचंय." तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "बाई, त्या उत्तराच्या पायऱ्या मला माहीत होत्या." मला वाटलं, वाद जिंकायचाय अजून. मी म्हटलं, "बरे व्हा, मग मांडा फळ्यावर." तुम्ही मान हलवलीत. फळ्याचं राहू द्या, आत्ताच सांगा म्हणून खुर्ची पुढे ओढायला हवी होती मी. तेवढ्यात डॉक्टर आले आणि मी बाहेर गेले.

आता कालची गोष्ट ऐका. लुसीबाईंनी घराचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "देण्यासारखं असेल तर द्या. तुम्हाला सोबत होईल. एक मुलगी बंगळूरला, दुसरी कॅनडात, तुम्ही एकट्या. पण आळीचा नेम आहे ना, बाहेरच्याला द्यायचं नाही?"

लुसीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसला नेम? नेमबिम काय नव्हता बाई. आमच्यापासून दोन घरं सोडून पोस्टातला मानूस भाड्यानं रावत नव्हता का? सात वर्षं रायला."

सर, तो पोस्टातला माणूस मी पाहिला होता. नाताळात त्यानं माझ्या मुलाला केक दिला होता. मी त्याला आळीतलाच समजले. मुलांना पायऱ्या दाखवा, पडताळा करा, असं आयुष्यभर ओरडत आले, आणि तुमचं एक वाक्य मात्र पडताळा न करता मानून बसले. चौदा वर्षं.

"मग मला नाही का म्हणाले?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण आमचे हे आतून बाहेर आले.

लुसीबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "तुमाला नाय म्हनून दोन दिस जेवले नवते. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, बाईंचं पोर लहान हाय, द्या की. तर म्हनाले, घर दिलं तर तो येनार नाय. त्याला कळलं आपलं घर दुसऱ्याला दिलं, की तो समजेल, याने माजी वाट बघायची सोडली. म्हनाले, आला आनि त्याला दाराशी उभं रावं लागलं तर?"

थोरले बंधू परदेशी गेले ते तुम्ही नोकरीला लागायच्या आधी. हे तुम्हीच कधी तरी सांगितलं होतंत. पहिल्यांदा दर महिन्याला पत्र. मग फक्त नाताळात कार्ड. मग एका नाताळात कार्ड आलं नाही, आणि पुढच्याही नाही. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी काय म्हटलं, आठवतं? "पोस्टाचा घोळ असेल."

लुसीबाईंचं ऐकून मला पहिल्यांदा तुमचा रागच आला, खोटं कशाला बोलू. एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? "बाई, मी भावाची वाट बघतोय." मी काय हसले असते? मी तुमची थट्टा करते, सगळ्यांसमोर करते, पण सर, यावर नसते हसले. मी तिथंच उठून आंबोळ्या घालून तुम्हाला खायला दिल्या असत्या आणि नालासोपाऱ्याला जाऊन हंडे घेऊन खुशाल रांगेत उभी राहिले असते. तुम्ही मला बाहेरची म्हणालात याचं मी इतकी वर्षं दुःख करत राहिले, आणि तुम्ही स्वतःच्या आशेला लपवायला एक नेम बनवून माझ्यापुढे टाकलात. इतिहासाच्या शिक्षकानं असला बनावट पुरावा द्यावा?

मग राग गेला आणि मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. हॉस्पिटलमध्ये तुम्ही काय सांगत होता ते आता कळतंय. माझा दुसरा नळ तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. नवीन माणसं का येत नाहीत, तर मागे राहिलेल्यांनी त्यांच्यासाठी दार उघडलेलं नसतं. आणि ते दुष्ट असतात म्हणून नाही. कोणीतरी परत येईल म्हणून जागा धरून ठेवलेली असते. किल्ल्यातल्या त्या रांगेतही कोणी असेल, शेजारच्याचं घर झाडणारा, आज येईल उद्या येईल म्हणणारा. हे पोरांना सांगायचं म्हणजे स्वतःचं सांगायचं. म्हणून साडेदहाला डबे. जा, तो वाद तुम्ही जिंकलात. किंवा मी जिंकले. पण निकाल ऐकायला तुम्ही नाही, आणि मला एकटीला जिंकून काही मजा येत नाहीये.

तुमच्या माघारी शनिवारचा केर लुसीबाई काढतात. गुडघे दुखतात तरी काढतात. आळीत आता अकरापैकी सात घरं बंद आहेत. काल सांगत होत्या, सकाळी कोणाच्या भांड्याचा आवाज येत नाही, तो यायला हवा. त्या नर्सबाईची पाळी सकाळची असते म्हणे, पाच वाजता उठून डबा करते. लुसीबाईंनी हे दोनदा सांगितलं. त्यांना भाडेकरू नकोच आहे सर, त्यांना पलीकडच्या भिंतीला कोणाच्या तरी स्टोव्हचा आवाज हवा आहे. हे त्यांच्या तोंडून पुरतं ऐकायच्या आधीच मला कळलं.

मी म्हटलं, "द्या घर, लुसीबाई. बिनधास्त द्या."

त्या हो म्हणेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आनि तो आला तर?"

तुमचाच प्रश्न, सर, तुमच्याच सुरात. इतक्या वर्षांच्या संसारात तो त्यांनाही लागला होता. आता यावर मी काय म्हणणार होते? ते येणार नाहीत, असं? माझ्याजवळ त्याचा काय पुरावा आहे? कार्ड आलं नाही म्हणजे माणूस येणार नाही, हे कुठल्याही गणितात बसत नाही.

"आले तर आमच्याकडे उतरतील," मी म्हटलं. "मुलगा शिकायला पुण्याला असतो, त्याची खोली तशीच आहे. आता नळाला पाणीही येतं रोज. स्टेशनवरून रिक्षा थेट दाराशी. हवं तर नर्सबाईला माझा पत्ता लिहून देते. कोणी म्हातारा गृहस्थ दार वाजवून थोरला म्हणून सांगू लागला, तर त्याला दाराशी उभं नाही करायचं, चहा द्यायचा आणि माझ्याकडे पाठवायचं."

आमचे हे दारातूनच म्हणाले, "खुशाल येऊ देत."

लुसीबाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी काही उपकार म्हणून बोलतेय की खरंच, ते त्या पारखत असाव्यात. मी खरंच बोलत होते, सर. तुमचा भाऊ आमच्या घरी आला तर त्याला मी दोन वर्षंसुद्धा राहू देईन.

"तो मासळीबिगर जेवत नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी देवगडची आहे, लुसीबाई," मी म्हटलं.

त्या उठल्या, चपला घातल्या आणि तशाच नर्सबाईला होकार कळवायला गेल्या.